स्टोलन जनरेशन्सची पोर्ट्रेट्स वेट प्लेटवर काढावीत का?

खापरदिवा: ऑस्ट्रेलियात साधारण १९१० ते १९७० या काळात हजारो अ‍ॅबोरिजिनल (मूळनिवासी) मुलं सरकारी हुकमानं आईबापांपासून तोडून संस्थांत ठेवली. हीच स्टोलन जनरेशन्स. त्यातली हयात माणसं आता थकलीत. त्यांची पोर्ट्रेट्स कलोडियन वेट प्लेटवरच व्हावीत, म्हणजे कलोडियनचा रासायनिक थर ओला असतानाच फोटो घ्यायच्या जुन्या तंत्रानं. डिजिटलवर दोनशे फ्रेम मारून त्यातला सर्वांत दुःखी चेहरा उचलला जातो. प्लेट ओली असेतो दहाएक मिनिटांत उरकावं लागतं, तिथे ही चैन नाही.

चंदेरी_क्षार: साफ असहमत. कलोडियनला निळा आणि अतिनील प्रकाश तेवढा कळतो. तपकिरी त्वचा आहे त्याहून काळी उतरते, सुरकुत्या कोरल्यासारख्या दिसतात. घरातल्या उजेडात एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं, म्हणजे डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू आलाच. छायाचित्रकार जे. डब्ल्यू. लिंड्ट यांनी १८७३-७४ च्या सुमारास ग्राफ्टनच्या स्टुडिओत क्लॅरन्स नदीकाठच्या अ‍ॅबोरिजिनल लोकांना रंगवलेल्या पडद्यासमोर बसवलं, ते याच तंत्रानं. तोच साज पुन्हा?

खापरदिवा: टेकू कशाला? मोठ्या फ्लॅशच्या एका झोतात काम होतं.

चंदेरी_क्षार: तो झोत हजारो वॉट-सेकंदांचा! ऐंशीच्या माणसाच्या डोळ्यांवर? त्यापेक्षा डिजिटल घ्या, खिडकीचा उजेड एका बाजूनं, गालावर स्पॉट मीटर (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारा), रीडिंगपेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश. काळ्या पडद्यासमोर सरासरी मीटरिंग (पूर्ण चौकटीच्या उजेडाची सरासरी) ठेवलं तर कॅमेरा पडदा करडा करायला जातो आणि पांढरी दाढी जळते, तपशील उरत नाही. मुळात काळा पडदाच नको. अंगण, खुर्ची, हात दिसू देत.

तिपाई: अहो, कॅप्शनचं काय? न्यू साउथ वेल्समधल्या किंचेला बॉइज होम या अशाच संस्थेत (१९२४-७०) मुलांना नावाऐवजी नंबरनं हाक मारत. तिथल्या माणसाच्या फोटोखाली नुसतं ‘बचावलेला, वय ७८’ लिहिणं म्हणजे कहर. पूर्ण नाव आणि त्याचा समाज कोणता, हे तो सांगेल तसं लिहा. संमतीपत्रात निधनानंतरचा रकाना हवाच. अनेक अ‍ॅबोरिजिनल समाजांत मृताचं नाव आणि चित्र काही काळ दाखवत नाहीत. तेव्हा फोटो हटवायचा की ठेवायचा, हे घरातलं कोण ठरवणार, ते आधीच लिहून घ्या. छापील पुस्तक मागे घेता येत नाही, हेही तोंडी सांगा.

खापरदिवा: रकाना मान्य. प्लेटचा हट्ट मात्र सोडत नाही. मूळ प्लेट एकच असते, ती त्यांच्याच घरी जाईल.

तिपाई: आणि त्या प्लेटचा स्कॅन कोणाच्या हार्डडिस्कवर?