मदत हवी आहे: वॉर्डात सगळ्या धर्मांच्या स्टाफला चालेल असं, मनाला उसंत देणारं काय करता येईल?

नमस्कार, मी म्हापशाकडच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. नाईट संपताना माणसं इतकी दमलेली असतात की हँडओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती सांगणं) कानावर पडतो पण डोक्यात शिरत नाही, आणि डोस चुकणं, सुई टोचणं अशाच वेळी होतं. त्यात टोचलेलं ओरडा बसेल म्हणून कोण सांगत नाही, खरं तर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीची पीईपी (सुई टोचल्यावर घ्यायची प्रतिबंधक औषधं) 72 तासांच्या आत सुरू करावी लागते, जितकी लवकर तितकी बरी!! म्हणून मला वाटतं टीममधला विश्वास हाच सेफ्टीचा पाया आहे.

तो कसा वाढेल ते बघताना वर्कप्लेस स्पिरिच्युअ‍ॅलिटीबद्दल वाचलं, त्यात पूजापाठ नाही, कामात अर्थ वाटणं, एकमेकांबद्दल आपलेपणा, मनाला थोडी उसंत एवढंच. अमेरिकेतल्या एका नर्सने सुरू केलेली पद्धत फार आवडली, पेशंट गेला की सगळ्यांनी मिनिटभर शांत उभं राहायचं, ज्याने त्याने आपल्या परीने.

आमच्याकडे हिंदू, कॅथलिक, मुसलमान सगळे आहेत. ओंकार लावला तर काहींना अवघड, प्रेयर म्हटली तर बाकीच्यांना. तुमच्या वॉर्डात कोणी असं काही केलंय का? सुरुवात इन्चार्ज सिस्टरने करावी की आम्हीच? डॉक्टर थांबतात का? आणि मॅनेजमेंटने हेच पुढे करून स्टाफ वाढवायचं टाळलं तर काय, ती भीती मला जास्त आहे. अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा, अटेंडंट आणि सफाईवाल्या ताईंना कसं सामील केलं तेही.