डॅन्यूबच्या जोडीला आपली गोदावरीही

नदीकाठाने सपाट, निवांत सायकल चालवायची तर युरोपात जाऊन जर्मनीतील पासाऊ ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा मार्गच गाठावा लागतो, असे एक मत आहे; त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. तिथल्यासारखी स्वतंत्र वाट आणि दिशादर्शक फलक आपल्याकडे नाहीत, हे मान्य. परंतु नाशिक जिल्ह्यातील निफाड स्थानकावर उतरून खाणगाव थडीच्या बाजूने नांदूर मध्यमेश्वरला एकदा जाऊन पाहावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणकणीस माजले आणि कोणी न ठरवता एक उत्तम पाणथळ जागा तयार झाली, जी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. जांभळी पाणकोंबडी एका पायाच्या बोटांत कोवळा कोंब धरून, तो सोलून खाताना काठावरून सहज दिसते. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघणार असाल, तर हातमोजे विसरू नयेत, कारण निफाडच्या थंडीत ब्रेकवरची बोटे अक्षरशः वळत नाहीत. याच काळात उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ असते, म्हणून अंधारात डांबरी रस्ता टाळावा. कच्च्या वाटेवर मात्र बाभळीच्या काट्यांशी गाठ असते. मी एका फेरीत दोनदा पंक्चर काढले आहे, तेव्हा जादा ट्यूब जवळ असलेली बरी. पावसाळ्यात तिकडे सायकल नेऊच नये. काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते, की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घेऊन परतावे लागते.