मदत हवी आहे : हिडकलच्या पाण्यात बोयाला होडी कशी बांधावी?
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरमध्ये माझी १४ फुटी शिडाची होडी बोयाला, म्हणजे तळाशी साखळीनं अडकवलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधलेली असते. परवा रात्री वारं सुटलं. सकाळी बघतो तर दोराचे तीनपैकी दोन पीळ तुटलेले! एका पिळावर होडी राहिली, अजून छातीत धस्स होतंय. दोर बोयाच्या कडीतून ओवून परत होडीला आणला होता, तोच मागंपुढं सरकून झिजला. आता कडीला बोलाइन गाठ (न सरकणारा फास) मारून दोन वेगळे नायलॉनचे दोर लावणार, घासतात तिथं रबरी पाइप चढवणार.

खरी अडचण बोयाच्या खालच्या साखळीची. धरण समुद्रसपाटीपासून २१७५ फुटांना भरतं, उन्हाळ्यात पाणी पार खाली. भरल्या पाण्याच्या हिशोबानं साखळी लांब ठेवली तर उन्हाळ्यात ती ढिली पडून होडी फिरत खडकावर जाईल. धरणात होडी ठेवणारं कुणी असेल तर सांगा की, साखळी मोसमाप्रमाणं कमीजास्त करता का? पावसाच्या आधी करायचंय.