करारात ‘समूह संस्था’ कोण? नावांची यादी हवी की नियंत्रणाची व्याख्या?

नेरुळकर: ग्रंथालयाच्या ई-जर्नल लायसन्सचा (ऑनलाइन संशोधन नियतकालिकं वाचायच्या परवान्याचा) करार नव्याने करतोय. ती कोणी वापरायची, तिथे विक्रेत्याच्या मसुद्यात ‘संस्था व तिच्या नियंत्रणाखालील सर्व संस्था’ असं आहे. माझं मत, हे खोडा आणि परिशिष्टात एकेका कॉलेजचं नाव-पत्ता घाला. आमच्याकडे नेरुळचं इंजिनिअरिंग आणि फार्मसी एका ट्रस्टची, ऐरोलीचं मॅनेजमेंट दुसऱ्या ट्रस्टचं, हॉस्टेल प्रायव्हेट लिमिटेडकडे. माणसं सगळीकडे तीच. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे निम्म्याहून अधिक मताधिकार असला की उपकंपनी, किमान २० टक्के असला तर सहयोगी. ट्रस्टला शेअरच नाहीत, टक्के कशाचे काढणार? सरकारी कॉलेजांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची एकत्रित जर्नल-वर्गणीची योजना आहे, आम्हा खासगीवाल्यांना हे निस्तरावंच लागतं.

घोडबंदरचा वकील: साफ असहमत. यादी फक्त सहीच्या दिवशी बरोबर असते. पुढच्या जूनला नर्सिंग कॉलेज निघालं की पुरवणी करार, परत दराची घासाघीस. आणि तेव्हा अडलेले तुम्ही असता, विक्रेता नाही. कायद्यातली अर्धीच कसोटी सांगितलीत. संचालक मंडळाच्या रचनेवर ताबा असला तरी उपकंपनीच ठरते. तेच ट्रस्टला लावा: निम्म्याहून जास्त विश्वस्त समान, तर एक समूह. पुरावा धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तिथे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, द्यावाच लागतो.

नेरुळकर: द्यावा लागतो, हो. पण विश्वस्तांत दोन गट पडले की तोच रिपोर्ट वादात अडकतो, मग समान विश्वस्त कोण हे कोण ठरवणार? दुसरं म्हणजे हीच व्याख्या जबाबदारीच्या कलमातही येते. ऐरोलीच्या एखाद्या पोराने करार मोडून रात्रभर हजारो पेपर डाउनलोड केले, तर नेरुळच्या फार्मसीचाही अ‍ॅक्सेस बंद. करारभंग ‘समूहाने’ केला ना!

कोपरखैरणे_हिशेब: बिलाचं कोणीच बोलत नाही. दर विद्यार्थीसंख्येवर असेल तर समूह जितका मोठा तितका आकडा मोठा. जर्नल कधी न उघडणारं डी.एड. कॉलेजही त्यात मोजलं जातं. मी यादीच्या बाजूने.

घोडबंदरचा वकील: यादीने सुटका होते हा भ्रम आहे. कॉक्स अँड किंग्ज विरुद्ध सॅप, डिसेंबर २०२३, सर्वोच्च न्यायालयाचं पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ: सही न केलेली समूहातली कंपनीही लवादाच्या कराराने बांधली जाऊ शकते.

नेरुळकर: पुढचंही सांगा की. नुसतं एकाच समूहात असणं पुरेसं नाही, कराराच्या व्यवहारात त्या कंपनीचा सहभाग आणि पक्षांचा हेतू पाहायचा, असंही त्यातच म्हटलंय. म्हणजे यादीबाहेरच्या कॉलेजला लॉगिन दिलं नाही, तर निकाल माझ्याच कामाचा.

घोडबंदरचा वकील: लॉगिन दिलं नाही तर! ग्रंथपाल एकच, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. बरं, यादी ठेवा. पण नवं कॉलेज लेखी पत्राने त्याच दरात जोडायचा हक्क लिहून घ्या.

नेरुळकर: तो घालतो. आणि वर्षाच्या मध्ये कॉलेज वगळता येईल, राहिलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील, हेही. त्याला विक्रेता तयार होईलसं दिसत नाही.