विषय: पुनः – सोलापूरचे बेबी वॉर्मर, शुक्रवारपर्यंत होकार

प्रेषक: खजिनदार

स.न.वि.वि. ऊसतोड टोळ्यांच्या वस्तीजवळील प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी दोन वॉर्मरचे (नवजात बाळाला ऊब देणाऱ्या विजेच्या यंत्रांचे) कोटेशन आले आहे. परंतु आपल्या मंडळासारख्या परदेशी संस्थेची देणगी भारतात स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतील ठरावीक खाते लागते, आणि आपण सुचविलेल्या तेथील मंडळाकडे यांपैकी काहीही नाही. पर्याय कळवावेत.

प्रेषक: डॉक्टर काकू

खजिनदारसाहेब, नोंदणी मिळाली तरी दोन वॉर्मर घेण्यास माझा विरोध राहील. एक आवश्यक आहे, हे मान्य. पण वीज गेल्यावर दुसऱ्याचाही उपयोग नाही. बोगोटा येथे १९७८ साली इन्क्युबेटर अपुरे पडू लागल्यावर डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. आता जागतिक आरोग्य संघटनाही हे जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करून दिवसाकाठी ८ ते २४ तास करावे, असे सांगते. त्यापूर्वी बाळ पुसण्यास एक आणि ते ओले झाल्यावर पांघरण्यास दुसरा, असे दोन कोरडे टॉवेल लागतात, आणि सोलापुरात टॉवेलची वाण पडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. उरलेल्या रकमेत अंबू बॅग (श्वास न घेणाऱ्या बाळाला हाताने दाबून हवा देण्याची पिशवी), लहान मापाचे मास्क आणि परिचारिकांच्या सरावासाठी बाहुली घ्यावी, कारण सराव नसलेल्या हातात बॅग असून नसल्यासारखीच.

प्रेषक: सल्लागार, मुक्काम सोलापूर

काकूंचे टॉवेल शिरोधार्य, पण आठ तास बसणार कोण? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचल त्या जोडीवर घेतलेली असते. बाळंतीण बसली की खाडा पडतो आणि तो हिशेबात कापला जातो. बाळाला बाप किंवा आजीही छातीशी धरू शकते, हे आधी मुकादमाला पटवावे लागेल. दुसरे असे की, ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि हंगाम संपतासंपता येथील ऊन चाळिशीला टेकते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविणारे तेच मुख्य औषध असल्यामुळे, माझ्या मते, पहिला पैसा फ्रीजच्या इन्व्हर्टरला जावा.

प्रेषक: सहसचिव

नोंदणीपुरते लिहितो. भारतीय पारपत्र असलेल्या सदस्यांनी वैयक्तिक बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही.

प्रेषक: खजिनदार

ती सवलत वैयक्तिक बचतीपुरती आहे. गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या नावाने जमविलेला निधी चार सदस्यांच्या खात्यांतून वळविणे म्हणजे कायद्याला बगल देणे होय, आणि त्यावर माझी सही होणार नाही. आपल्यापैकी निम्म्यांजवळ भारतीय पारपत्र नाही, हेही सहसचिवांनी विचारात घ्यावे.

प्रेषक: डॉक्टर काकू

मग नोंदणी असलेली संस्था सल्लागारांनी शोधावी. इन्व्हर्टर मान्य, परंतु टॉवेल त्यात कापू नयेत. आणि ते नवे कोरे देऊ नयेत. धुऊन, उन्हात वाळवून द्यावेत.

प्रेषक: खजिनदार

धुलाईचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवू?