दाण्याच्या थाळीवर कोण काय खातं, हे नोंदवायचं कसं?

गच्ची_पुणे

गच्चीच्या कठड्यावर दोन थाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एकीत बाजरी, दुसरीत तांदळाची कणी, प्रत्येकी 50 ग्रॅम. सकाळी सातला ठेवते, दहाला उरलेलं वजन करते. कणी रोज जास्त संपते, कधी कधी तर दहाच्या आधीच. येणारे पक्षी म्हणजे चिमण्या, ठिपकेवाल्या मुनिया, होले आणि पारवे. चिमण्यांना बाजरीपेक्षा कणी आवडते असं यावरून म्हणता येईल का? पुढे राळेही (एक बारीक भरडधान्य) देऊन बघायचे आहेत. आणि एकच चिमणी दहादा आली की दहा चिमण्या येऊन गेल्या, हे कसं ओळखायचं?

दाणापाणी

नाही म्हणता येणार. वजन घटलं म्हणजे दाणे गेले, एवढंच कळतं. कोणी नेले ते काट्याला कळत नाही. पारवा साधारण 300 ग्रॅमचा, चिमणी 25-30 ग्रॅमची. पारवा दाणा सोलत बसत नाही, अख्खा गिळतो. दळायचं काम पोटातल्या पेषणीत, गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने होतं. दोन पारवे काही मिनिटं बसले की सकाळचा सगळा आकडा त्यांचाच.

आधी पारव्यांना बाहेर ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात दीड इंची चौकोनांची वेल्डेड जाळी मिळते. त्यातून चिमणी आणि मुनिया आत जातात. होला, साळुंकी, पारवा जात नाहीत. या जाळीचा पिंजरा करून थाळीवर ठेवा. तो थाळीपेक्षा चारही बाजूंनी आणि वरून किमान 15 सेंमी मोठा हवा, नाहीतर पारवा बाहेर उभा राहून नुसती मान आत घालतो आणि खातो. कापलेल्या तारांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून घासून घ्या. पिंजरा नवा असताना पक्षी बिचकतात, म्हणून पहिला आठवडा नोंदी घेऊ नका.

थाळ्यांच्या जागा रोज बदला. एक बाजू झाडाजवळ किंवा सावलीत असेल तर पक्षी दाण्यासाठी नाही, जागेसाठी तिकडे बसतात. तिसरं म्हणजे कणी पूर्ण संपू देऊ नका. संपली की उरलेल्या वेळेत पक्ष्याला निवडच राहत नाही. दोन्हींपैकी एक थाळी अर्ध्यावर आली की प्रयोग थांबवून वजन करा. काटा 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा.

राळ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. बाजरी आणि कणीला फोल, म्हणजे दाण्यावरचं टरफल नसतं, राळ्याला असतं. चिमणी आणि मुनिया दाणा सोलतात आणि फोल तिथेच टाकतात. वजन करण्याआधी थाळी पाखडून घेतली नाही तर खाल्लेलं कमी दिसतं. साळीत हा फरक फार मोठा पडतो, कारण तिच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा फोलाचा असतो. किराण्यातला राळ्याचा तांदूळ सोललेला असतो, पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातले राळे सालासकट. कोणते वापरले ते वहीत लिहाच. थाळीखाली मोठं ताट ठेवलं तर सांडलेलंही मोजता येतं. जवळच बारीक जाळीने पूर्ण झाकलेली, तेवढ्याच दाण्यांची एक थाळी ठेवा. दमट हवेत तिचं वजन जितकं वाढेल तितकी दुरुस्ती बाकीच्यांत करायची.

मुनियावाला

वजनासोबत चोच बघा, खरी माहिती तिथे आहे. फोन तिपाईवर लावून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं की मुनिया दाणा चोचीच्या कडेला नेऊन खालचा जबडा कसा हलवते आणि फोल कसं निसटतं ते दिसतं. कणी सोलायची नसते, त्यामुळे मिनिटाला जास्त दाणे पोटात जातात. राळ्यांच्या आधी ती संपली तर त्यामागे चवीपेक्षा हा वेगही असू शकतो. राळे ठेवाल तेव्हा एका दाण्याला लागणारा वेळ नक्की मोजा.

नोंदीच्या दोन पद्धती एकत्र करू नका. एक, दर मिनिटाला एक नजर टाकून कोणत्या थाळीवर कोणते किती पक्षी ते लिहायचं. दुसरी, एकच पक्षी निवडून तो उडेपर्यंत पाहायचं: आधी कुठे उतरला, किती दाणे उचलले, कोणी हाकललं. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये या पद्धतींची नीट मांडणी केली. निवड करताना जो सगळ्यात जास्त भांडतोय त्याच्यावरच डोळा जातो, म्हणून डावीकडून पहिला दिसेल तो घ्यायचा असं आधीच ठरवा.

थाळ्या खेटून आहेत हेही बदला. एक दांडगट पक्षी दोन्ही अडवतो आणि बाकीचे मिळेल ते खातात. मग दिसते ती आवड नसते, नाइलाज असतो. सारख्या मापाचे दोन पिंजरे मीटरभर अंतराने ठेवा.

मोजणीचं म्हणाल तर फेऱ्यांची बेरीज कधीही करू नये. एका वेळी एकत्र दिसलेली सर्वांत मोठी संख्या लिहायची. खाद्याच्या थाळ्यांवर येणारे पक्षी लोकांनी मोजायचे, अशा उत्तर अमेरिकेत 1987 पासून चालणाऱ्या प्रोजेक्ट फीडरवॉच या उपक्रमातही हाच नियम आहे. ओळख पटावी म्हणून पक्ष्याला रंग लावणं वगैरे अजिबात करू नका.

वाळूचाळणी

तुमच्या मांडणीत एक भर सुचवतो. पक्षी किती दाणे टाकून उडून जातो, यावरून त्याला ती जागा किती धोक्याची वाटते ते कळतं. परिसंस्थेचे अभ्यासक जोएल ब्राऊन यांनी 1988 मध्ये मांडलेली ही कल्पना आहे. वाळू रव्याच्या चाळणीतून चाळून फक्त खाली पडलेली घ्या. दोन लिटर वाळूत 10 ग्रॅम बाजरी मिसळा, म्हणजे साधारण हजार दाणे. दाणे विरळ होत जातात तसा शोधायला वेळ लागतो आणि एका क्षणी पक्षी सोडून देतो. मग त्याच चाळणीने वाळू चाळून वर राहिलेली बाजरी तोला. एक थाळी झुडपाजवळ, एक उघड्यावर ठेवून हे करा. मुंग्या मात्र निकाल बिघडवतात, म्हणून थाळीचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेत.

गच्ची_पुणे

पिंजऱ्याचं काम सुरू करते. पावसाळ्यात हे चालू ठेवता येईल का? आणि या नोंदींवरून चिमणीचा आहार असा लिहू का?

दाणापाणी

आहार म्हणून लिहू नका, थाळीवरची निवड म्हणून लिहा. चिमणी पिलांना सुरुवातीचे दिवस मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. ते तुमच्या थाळीत कधीच दिसणार नाही. चोचीत किडा घेऊन जाणारी चिमणी दिसली तर तारखेसह वेगळी नोंद करा.

पावसात वर छप्पर आणि तळाला भोकं असलेली थाळी वापरा, एका सकाळपुरतेच दाणे घाला, ओले झालेले फेकून द्या. कणी भिजली की आंबते, बुरशी धरते. शेंगदाणे तर पावसाळ्यात नकोतच. दर तीन-चार दिवसांनी थाळी घासा, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून दहा मिनिटं भिजवा, भरपूर धुवा आणि कडक वाळल्यावरच दाणे घाला. हातमोजे घाला. सुकलेली विष्ठा झाडण्याआधी ओली करा आणि तोंडाला मास्क लावा. पिसं फुगवून मलूल बसलेला, उडायला न धजणारा पक्षी दिसला तर दोन आठवडे खाद्य पूर्ण बंद ठेवा. गर्दी पांगली की एकाचा आजार दुसऱ्याला लागायची शक्यता कमी होते.