पत्रक हातात दिलं म्हणजे शिकवलं?

फटकळ फार्मासिस्ट
'नातेवाईक वाचतच नाहीत' ही पोस्ट सकाळपासून फिरतेय. म्हणणं असं की राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली, पातळ अन्न द्यायची नळी) लावून घरी सोडलेला पेशंट आठवड्यात न्यूमोनिया घेऊन परत येतो, पत्रक तर दिलेलंच असतं, म्हणजे चूक घरच्यांची. इतकं सोपं?

पत्रकात लिहिलेलं असतं, 'फीड (नळीतून जाणारं पातळ अन्न) देताना डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवा'. वॉर्डातल्या खाटेला हँडल असतं, घरी दिवाण असतो. तिथे लोक मानेखाली दोन उशा रचतात. मग मान पुढे दुमडते, पोट दाबलं जातं, पेशंट घसरत खाली येतो आणि फीड उलटून छातीत जातं. उचलायचं कमरेपासून. पाठीला लोड, गुडघ्यांखाली एक उशी म्हणजे घसरत नाही. फीड संपल्यावरही निदान अर्धा-पाऊण तास तसंच बसवायचं. हे करून दाखवायला दहा मिनिटं लागतात.

आणि गोळ्या! 'क्रश करून द्या' एवढंच लिहितात. लोक सगळ्या गोळ्या एकत्र कुटून फीडमध्ये कालवतात आणि नळी चोंदते. एकेक गोळी वेगळी कुटायची, थोड्या पाण्यात विरघळवायची, दोन गोळ्यांच्या मध्ये १०-१५ मिली पाणी सोडायचं. नावापुढे एसआर, एक्सआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल किंवा आतड्यात विरघळणारं आवरण असेल, तर ती कुटायचीच नाही. डॉक्टरांकडून सिरप किंवा दुसरी गोळी लिहून घ्यायची. फेनिटॉइन हे फिटचं (आकडीचं) औषध आणि फीड यांत वेळेचं अंतर नसेल तर औषध पुरेसं शोषलं जात नाही. यातलं पत्रकात काय आहे?

नाईट ड्यूटी
झालं भाषण? आता वॉर्डातलं ऐका. डिस्चार्जच्या दिवशी समोर मुलगा असतो, त्याला सगळं दाखवतो. तो मान हलवतो आणि बिलाच्या काउंटरला पळतो. घरी नळी हाताळणार सून किंवा बारा तासांची आया. त्यांना कोण आणणार, आम्ही? चाळीस पेशंटमागे दोन सिस्टर असताना?

वर घरच्यांना घाई अशी की पिचकारीचा दट्ट्या दाबून २५० मिली दोन मिनिटांत आत. दट्ट्या काढून बाजूला ठेवा, नुसती नळकांडी जोडा, वर धरा, आपोआप उतरू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसतो आणि न्यूमोनिया आमच्या माथी.

फटकळ फार्मासिस्ट
मग डिस्चार्जच्या दिवशी दाखवताच कशाला? नळी घातली त्याच दिवसापासून रोजचं एक फीड घरच्यांच्या हातून द्यायला लावा, सिस्टर शेजारी उभी. नाकपुडीपाशी नळीवर सेंटिमीटरचा किती आकडा आहे तो कार्डावर लिहा. घरी आकडा बदलला, पेशंटला ठसका लागला किंवा आवाज घरघरला, तर फीड बंद. ही एक ओळ तुमच्या चार पानी पत्रकापेक्षा जास्त कामाची.

नाईट ड्यूटी
आकड्याचं मान्य. लिहीत जाऊ. उरलेलं 'शेजारी उभी' वगैरे तुम्ही येऊन करा.

ट्रस्टचा हिशेब
नळी-बिळी ठीक आहे, पण मूळ माहिती लपवली जाते ती पैशांची, त्यावर कोणी बोलत नाही. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकाला सवलतीत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून योजना चालू. निर्धन आणि दुर्बल सोडून बाकी पेशंटच्या बिलातले २ टक्के त्यासाठीच्या निधीत जातात. पाटी कुठे? लिफ्टच्या मागे.

नाईट ड्यूटी
पाटी दर्शनी भागातच असते. लोकांना सवलत आठवते कधी, तर अंतिम बिल हातात आल्यावर! उत्पन्नाचा दाखला तेव्हा कुठून आणणार?

ट्रस्टचा हिशेब
कारण भरतीच्या वेळी कोणी विचारत नाही, 'डिपॉझिट भरा' एवढंच सांगतात. इमर्जन्सीत गरीब पेशंटकडून डिपॉझिट मागता येत नाही, हे काउंटरवरच्या पोराला शिकवलंय का? निर्धनाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बल घटकाला ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला, रेशन कार्ड, आधार घेऊन पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडे अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. तोंडी 'खाट शिल्लक नाही' म्हणाले तर तेच लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा खाट सापडते.

रांगेतला माणूस
आणि यात महात्मा फुले योजना (राज्य सरकारची आरोग्य योजना) मिसळू नका. ती वेगळी. तिथे कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, काउंटर आरोग्यमित्राचा (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस), हेल्पलाइन १५५३८८. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. इमर्जन्सी असेल तर आरोग्यमित्राला लगेच सांगून फोनवरून कळवायला लावा. रेशन कार्डावर पेशंटचं नाव आहे का, आधारवर स्पेलिंग तेच आहे का, हे आधी बघा. अर्धी प्रकरणं तिथेच अडकतात.

ट्रस्टचा हिशेब
मी मिसळलं कुठे? नीट वाचा.

रांगेतला माणूस
तुम्ही नाही, लोक मिसळतात. इतके का चिडताय?

फटकळ फार्मासिस्ट
धागा नळीचा होता. असो. समाजसेवकाचा मुद्दा इकडेही लागू आहे: घरी नळी कोण हाताळणार, हे त्याने पहिल्या मुलाखतीतच विचारून केसपेपरवर लिहिलं, तर सिस्टरला सून शोधत बसावं लागणार नाही.

नाईट ड्यूटी
समाजसेवकाची जागा भरलेली असेल तर. बाकी सूचना चक्क बरी आहे.

नवीन सदस्य
मध्येच विचारतो. रात्री नळी चोंदली तर काय करायचं?

नाईट ड्यूटी
कोमट पाणी पिचकारीत घेऊन हलकेच आत-बाहेर करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा करा. जोर लावायचा नाही, तार घालायची नाही, कोल्ड्रिंक तर अजिबात नाही. नाही सुटली तर हॉस्पिटल. नळी निघून आली असेल तर ती घरी परत घालायची नाही. आणि नाचणीचं सत्त्व पातळ करून, गाळून द्या. चोंदण्याचं निम्मं कारण ते असतं. प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडा. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर हेही त्यात धरा.